हातातल्या मुंग्या

२ जुलै, बुधवार

भांडायला समोर माणूस नसला की मी वहीत भांडते. आज लाइटीशी भांडायचं आहे.

आमचं स्वयंपाकघर म्हणजे मालकांच्या घराला मागून जोडलेली पडवी. लोखंडी पाइप, वर पत्रा, आणि मधल्या पाइपाला लटकवलेला एक बल्ब. दुपारी जनेल (इथं खिडकीला जनेल म्हणतात) उघडलं की चालतं, पण सकाळी आणि संध्याकाळी लाइट लावल्याशिवाय परातीतलं पीठ दिसत नाही. आणि ही लाइट नेमकी भाकरी उलटायच्या वेळेला फडफडते आणि जाते. मग लाटणं घेऊन पाइपावर आपटायचं, की येते. आजऱ्याहून लग्न करून गोव्यात सर्वणला आले ती काय पाइप बडवायला?

मालकांना, म्हणजे रामचंद्रबाबांना सांगितलं. ते पायरीवर पेपर वाचत होते. म्हणाले, "पावसाची हवा बाय. बल्बाक दमट लागता."

बल्बाला दमट लागतं म्हणे. मग त्यांच्या हॉलमधल्या झुंबराला का लागत नाही?

५ जुलै

डॉक्टरकडे जाऊन आले डिचोलीला. पाचवा महिना. बाळ बरं आहे. मी सांगितलं, हाताला मुंग्या येतात, कधी कधी कोपरापर्यंत. त्यांनी विचारलं, कधी? म्हटलं, सकाळी कंपनीतल्या पोरांचे डबे भरताना आणि संध्याकाळी. दुपारी काही नाही. मान वर न करता म्हणाले, "अशक्तपणा. या दिवसांत होतं सगळ्यांना." कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

सगळ्यांना होतं तर सगळ्यांनी का सोसायचं, हे विचारायचं राहून गेलं. बाहेर मोठी रांग होती.

नितीन म्हणाला, "गोळ्या वेळेवर घे म्हणजे झालं." (तोंडाने मी 'अहो' म्हणते, वहीत नितीन लिहिते. वहीला कुठं सासू आहे.)

११ जुलै, शुक्रवार

अनिल आला होता, रामचंद्रबाबांचा नेहमीचा वायरमन. दोडामार्गचा आहे. दुपारी आला, स्टुलावर चढला, बल्ब काढला, होल्डर काढला. "वैनी, होल्डर गेलो. नवो घालतंय." नवा घातला, लाइट लागली, गेला. मी म्हटलं, पाइपावर आपटलं की येते, तर होल्डरचा काय संबंध? तो हसला. "आपटू नको म्हणजे जातली नाय."

संध्याकाळी सात वाजता फडफड. मी आपटलं नव्हतं.

१८ जुलै

गोळ्या चालू आहेत. मुंग्याही चालू आहेत. आज वाळत घालायच्या तारेवरून ओला टॉवेल ओढला तर बोटं एकदम आखडल्यासारखी झाली. तार दोन पावलांवर, स्वयंपाकघराच्या पाइपालाच बांधलेली आहे. मी टॉवेल सोडून भिंतीला टेकले. बाळाला काही होत असेल का?

मालतीबाय, म्हणजे मालकीणबाई, मागच्या दारात उभ्या होत्या. "कितें जालें गो?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हजेय हात असेच जातात गो पावसांत. साखर आसा न्हय म्हाका." साखर म्हणजे मधुमेह. आणि आत जाऊन रबरी स्लिपर घेऊन आल्या. जुनी, पण धुतलेली. "ही घाल. भुंयेर शेळ आसता." जमीन गार असते म्हणून.

मी घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. भाडेकरणीला जुनी चप्पल! माझ्या माहेरी स्वयंपाकघरात चप्पल कुणी घालत नाही. त्या स्वतः मात्र घरभर चपलेवर फिरतात, न्हाणीत तेवढ्या काढतात. मोठ्या घरच्या.

२६ जुलै

दोन दिवस पाऊस असा लागला की पडवीच्या जमिनीवर पाणी आलं. आज पाय अगदी गारठले म्हणून शेवटी ती स्लिपर घातली. भांडी विसळली, लोखंडी मांडणीला लावली, तारेवरचं फडकं काढलं.

मुंगी नाही.

मला वाटलं गोळ्या लागू पडल्या. हसू आलं. मग तवा काढायला मांडणीकडे गेले आणि ओल्यावरून सटकायला नको म्हणून चप्पल काढली. मांडणीला हात लावला, आणि सर्रकन कोपरापर्यंत.

चप्पल घातली, नाही. काढली, आहे.

मग लाइट बंद केली आणि उघड्या पायांनी मांडणीला अगदी एका बोटाने शिवले. काही नाही. लाइट लावली, शिवले. आहे. मांडणी पाइपाला बोल्टने आवळलेली, तार पाइपाला बांधलेली, आणि बल्ब पाइपावर.

सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी नाही. कारण दुपारी लाइट नसते!

अशक्तपणा माझ्यात नाहीच. करंट पाइपात आहे. तीन आठवडे मी करंटवर कॅल्शियम खात होते.

२७ जुलै, रविवार

नितीनला सांगितलं. तो उठला, पायात चप्पल, पाइपाला हात लावला. "काही नाही गं." म्हटलं, चप्पल काढा. म्हणाला, "तू आधी बस. पाणी पी." जसं काही मला वेड लागलंय!

मग रामचंद्रबाबांना बोलावलं. तेही चपलेत. पाइपाला, मांडणीला, तारेला उलट्या हाताने शिवून पाहिलं. "कांय ना हांगा. खाणीर टायमकीपर आशिल्लों हांव, म्हाका करंट कळटा." खाणीवर टायमकीपर होते, म्हणून करंट कळतो म्हणे! आणि नितीनकडे बघून म्हणाले, "पयलें बाळंतपण न्हय? मन हळवें जाता." नितीनने मान हलवली. हलवली! माझ्यासमोर.

मी म्हणाले, "बाबा, चप्पल काढा आणि हात ओला करा."

"कित्याक?"

"कारण मी इथं अशीच काम करते. ओल्या हाताने, उघड्या पायाने. तुम्ही दोघं चप्पल घालून येता, कोरड्या हाताने शिवता आणि मला सांगता काही नाही म्हणून."

नितीन म्हणाला, "प्रतीक्षा, आवाज कमी." मी आवाज कमी केला नाही. रामचंद्रबाब हसत हसत चपलेतून पाय काढून ओल्या फरशीवर उभे राहिले, बादलीत बोटं बुडवली आणि पाइपाला लावली.

हात असा मागे आला की कोपर दारावर आपटलं. मग तीच बोटं धोतराला पुसत राहिले, जणू काही लागलं असेल ते पुसून जाईल.

"थोडोसो आसा," म्हणाले.

थोडासा! माझ्या पोटात बाळ आहे.

रात्री झोपताना एकच गोष्ट मनात घोळत होती. मालतीबायने मला चप्पल दिली. स्वतः घरात चपलेशिवाय पाऊल टाकत नाहीत. म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून मला चप्पल देऊन गप्प बसल्या. भाडेकरीण मेली तर मेली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अनिलला वेळ नाही. चवथ आली ना. गावोगाव गणपतीपुढे रंगीत लाइटी लावायच्यात, फिरणारी चक्रं, कारंजी. देवामागच्या भिंतीवर लाइट नाचली पाहिजे. माणसाच्या स्वयंपाकघरात करंट नाचतोय तो नाचू दे. रामचंद्रबाब म्हणाले, "चवथ जावंदी, मागीर पळोवया." म्हणजे चवथ होऊ दे, मग बघू.

मी पडवीची लाइट बंद करून टाकली आहे. बॅटरी जनेलात ठेवून भाकऱ्या करते. कंपनीतली पोरं डबा न्यायला आली तेव्हा म्हणाली, वहिनी, आज भाकरी एका बाजूनं कच्ची. म्हटलं, मालकांना जाऊन सांगा.

मालतीबाय पावाचे उंडे घेऊन आल्या होत्या. पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, ताजे दिले म्हणून. मी दारातूनच म्हटलं, आमच्याकडे आहेत. नव्हते. त्या जरा थांबल्या आणि गेल्या. बरं झालं.

१२ ऑगस्ट

आज मी रामचंद्रबाबांना पायरीवर गाठलं आणि सांगितलं की उद्यापर्यंत वायरमन आला नाही तर मी वीज खात्यात जाऊन ही पडवी दाखवणार आहे. त्यांचा चेहरा उतरला. पडवी कागदावर नसावी असं दिसतं.

वायरमनला वेळ मिळाला.

१३ ऑगस्ट

अनिलने पाइपाचं तोंड उघडलं. वायर जिथून आत जाते तिथं पाइपाची कड सुरीसारखी. वरचं प्लास्टिक घासून घासून गेलेलं, तांबं उघडं, त्यातल्या अर्ध्या तारा तुटलेल्या. लाइट फडफडायची ती त्यामुळे, आणि मला झटका बसायचा तोही त्यामुळेच. एकच जागा. मी त्याला म्हटलं, तू होल्डर बदलून गेलास. तो खाली मान घालून नवी वायर ओढत राहिला. कडेला रबर बसवलं, ते मी स्वतः बोटाने चाचपून पाहिलं.

मग नितीन, जो इतके दिवस गप्प होता, त्याने विचारलं, "करंट गळतो तेव्हा आपोआप पडतो तो स्विच कुठं आहे? आमच्या कंपनीत एवढ्या तेवढ्याने पडतो." आम्ही मीटरपाशी गेलो. बोर्डावर त्या स्विचची जागा होती. जागेत स्विच नव्हता. दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप.

"हे काय?"

अनिल म्हणाला, "ट्रिपर होतो. सारखो पडायचो."

रामचंद्रबाब म्हणाले, "हांवेंच काडूंक सांगिल्लो. सदांच काळोख. कोण सोसतलो?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्विच ओरडून सांगत होता घरात करंट गळतोय, तर यांनी स्विचचंच तोंड बंद केलं! मी म्हणाले, "तो आज बसला पाहिजे. नाहीतर आम्ही चवथीच्या आधी खोली सोडतो, आणि का सोडली ते मी सगळ्या वाड्याला सांगून जाते."

नितीनने या वेळी आवाज कमी कर म्हटलं नाही.

संध्याकाळी स्विच बसला. पडवीत लाइट लागली. फडफड नाही. उघड्या पायाने, ओल्या हाताने मांडणीला शिवले. काही नाही. मी रडले. मग भाकऱ्या केल्या.

१९ ऑगस्ट

ट्रिपर पडतो. सकाळी सातच्या सुमाराला पडला, सगळं घर बंद. रामचंद्रबाबांचा मुलगा तुषार कॉलेजला निघाला होता, इस्त्री अर्धी राहिली म्हणून मीटरपाशी येऊन आमच्या दाराकडे बघत मोठ्याने बोलला, "घाल म्हणून हट्ट कोणाचा!" स्विच वर करून गेला. काल सकाळीही पडला होता.

आमच्याकडचं सगळं बंद करून पाहिलं. आमचं नाही. मग कुणाचं? मालतीबायना विचारावं म्हटलं, पण त्या न्हाणीत होत्या. बाहेर आल्या त्या हात चोळत चोळत थेट देवघरात गेल्या. माझ्याशी आता बोलत नाहीत. मीच सुरू केलं होतं ते.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज पुन्हा. नेमकी सकाळ. अनिल येऊन गेला. "स्विचच खराब असतलो, वैनी. नवो माल असोच येता."

खरं सांगायचं तर मलाही शंका येते. माझं पाइपाचं निघालं, झालं. आता उगीच सगळ्या घराला वेठीला धरलंय का मी? तुषार आमच्या दारावरून जाताना मान फिरवतो. रामचंद्रबाब रोज विचारतात, "आतां काडूं?" नितीन म्हणतो, "चवथीपुरता काढू दे, नंतर नवा बसवू." मी नाही म्हणते, पण पहिल्यासारखं ठामपणे नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार. चवथ

सगळं लिहिते.

सकाळपासून पाऊस. रामचंद्रबाबांच्या हॉलमध्ये गणपती, वर माटोळीची लाकडी चौकट फळांनी वाकलेली, मागे अनिलची रंगीत लाइट गरगरत. पेडण्याहून त्यांचा भाऊ आणि मंडळी आलेली. आरतीत वाजवायचं घुमट बाहेर काढून ठेवलेलं. मालतीबाय पहाटेपासून चुलीपुढे. नेवऱ्या (आमच्या करंज्या), भाज्या, खीर. नैवेद्य दाखवायच्या आधी पुन्हा एकदा न्हाऊन येते म्हणून आत गेल्या. भटजी पाटावर बसले.

आणि लाइट गेली. सगळ्या घराची. रंगीत चक्र थांबलं, पंखा थांबला, हॉल काळोखा झाला.

"पडलो परत!" तुषार. त्याने जाऊन वर केला, पुन्हा पडला. मग तो पक्कड घेऊन आला. भाऊ मागून म्हणाला, "काड तो आनी तार जोड सरळ. देव वाट पळयता."

मी मीटरपाशी जाऊन उभी राहिले. पोट पुढे, पाठ बोर्डाला. बोर्ड माझ्या मागे.

"वैनी, सर," तुषार म्हणाला.

"नाही सरणार."

रामचंद्रबाब हात जोडून आले. खरंच जोडून. "बाय, आज चवथ. आजचो दीस तरी. फाल्यां तूं सांगतलें तें करतां." नितीन पाहुण्यांच्या मधून वाट काढत आला आणि हळूच म्हणाला, "आजचा दिवस जाऊ दे ना." सगळे माझ्याकडे बघत होते. मी परकी, भाडेकरीण, पोटुशी, आणि यांच्या देवाच्या आड उभी.

मला वाटलं, सरावं. खरंच वाटलं. काय बोलावं ते सुचेना, तर तोंडातून निघालं, "तो पडतो म्हणजे घरात कुणाला तरी लागतंय."

"कोणाक लागता?" तुषार ओरडला. "सगळीं हांगा आसात!"

"म्हाका."

मालतीबाय मागच्या दारात होत्या. केस ओले, लुगडं अर्धवट गुंडाळलेलं, एका हाताने चौकट धरलेली. दुसरा हात त्या पोटाशी आवळून उभ्या होत्या.

"नळाक हात लायलो आनी करंट लागलो. तेन्नाच काळोख जालो."

रामचंद्रबाब म्हणाले, "तें साखरेचें गो तुजें, हातांक..."

"साखर नळांत आसता?"

असं कुणीच बोललं नव्हतं त्या घरात कधी. भाऊ खाली बघायला लागला.

"आठ दीस जाले, हांव न्हातां आनी लायट वता. म्हाका दिसलें, म्हजेच हात वायट. त्याआधीं लायट वचनाशिल्ली, फकत हात धरून उरतालो. गीझर घालो तेन्ना सावन. दोतोर साखर म्हणटा, तूं साखर म्हणटा, हांवूंय साखर म्हणून गुळयो खातां. चपल घातल्यार घरांत इल्लें बरें दिसता म्हणून घालतां. न्हाणयेंत कशी घालूं?" म्हणजे ट्रिपर बसायच्या आधी लाइट जायची नाही, नुसता हात आखडून राहायचा, आणि हे सगळं गीझर बसवल्यापासून.

चप्पल. त्यांना माहीत नव्हतं. ज्याने थोडं बरं वाटतं तेवढं त्यांना कळलं होतं आणि तेवढं त्यांनी मला दिलं होतं. आणि मी त्यांचे उंडे दारातून परत पाठवले.

तुषारच्या हातात अजून पक्कड होती. मालतीबाय त्याच्याजवळ गेल्या आणि ती काढून घेतली. "कोणूय तार जोडूं नाका. देवाक समई पुरो."

समईवर पूजा झाली. आरतीला घुमट वाजलं, तोंडं नीट दिसत नव्हती. मालतीबाय ओल्या केसांनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी पाहिलं नाही, पण सोडवूनही घेतला नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

अनिलने गीझर खोलला. आतली कॉइल फुटलेली आणि अर्थिंगची वायर कधी जोडलीच नव्हती. गुंडाळी करून मागे खोचून ठेवलेली. कुणी बसवला होता विचारलं तर म्हणाला आठवत नाही. गीझर अंगणात नेऊन ठेवलाय. ट्रिपर त्यानंतर एकदाही पडलेला नाही.

रामचंद्रबाब गणपती बघायला येणाऱ्या प्रत्येकाला अंगणातला गीझर दाखवतात. "हांवें वेळार वळखलें. ट्रिपर घालून घेतिल्लो न्हय हांवें!" म्हणे यांनीच वेळेवर ओळखलं. लोक माना डोलावतात. मी आतून ऐकलं आणि हातातलं पातेलं जोरात आदळलं. मालतीबाय नेवऱ्यांचं ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनीही ऐकलं. म्हणाल्या, "उलोवंदी," म्हणजे बोलू दे. "फाल्यां न्हाणयेंत नवो गीझर येतलो, तो जोडटना हांव आनी तूं उबीं रावतलीं. वायर जोडल्या ती आमी पळयतलीं." मग जरा वेळाने, "साखर आसा म्हाका, ती खरी. पूण सगळेंच साखरेर घालूंक म्हाका नाका."

आम्ही दोघींनी पडवीत बसून नेवऱ्या खाल्ल्या. त्यांनी साखर असूनही दोन खाल्ल्या.

संध्याकाळी डबे देऊन परत आले तर नितीन पडवीत. चपला दाराबाहेर काढलेल्या. हात मगात बुडवून ओला करायचा आणि एकेक वस्तू शिवायची: पाइप, मांडणी, बाहेरची तार, परत पाइप. प्रत्येक वेळी आधी डोळे मिटून घेत होता.

"हे काय चाललंय?"

"बघतोय."

"अहो, ते दुरुस्त झालंय. आणि नसतं झालं तर मेला असतात! त्यासाठी टेस्टर असतो, दुकानात मिळतो."

तो ओला हात घेऊन तसाच उभा. "तू म्हणत होतीस तेव्हा मी असं पाहिलं नाही," म्हणाला.

मला इतका राग आला की मगातलं पाणी त्याच्या पायावर ओतलं. "मी सांगत होते तेवढं पुरेसं नव्हतं का? तुम्हाला स्वतःला लागलं तरच ते खरं?"

त्याने फडकं घेतलं, खाली बसला आणि फरशी पुसायला लागला. मी लाइट लावली, पीठ मळायला घेतलं, आणि त्याला म्हटलं, तो कोपरा राहिला.